गाडी बघून सलाम, आडनाव बघून दम

ट्राफिकवर लिहिणारे पेपरवाले सगळे एका साच्यातनं पडलेले असतात. पाऊस झाला, खड्डे पडले, गाड्या तुंबल्या की ह्यांची लेखणी सुटते. नागरी शिस्त, परदेशातली लेन, सिंगापूरचा दंड. मग एक टोमणा चौकातल्या पांडूला, की हा झाडाखाली लपून चिरीमिरी खातो. आणि एक लाथ रिक्षावाल्याला, टेंपोवाल्याला, तिबलसीट जाणाऱ्या पोरांना, की ही बेशिस्त जमात. झाला लेख. आणि लिहिणारा स्वतः कुठं आहे? तो काचेच्या आत. एसीत. त्याच्यावर शिट्टी सहसा वाजत नाही. वाजलीच तर काच चार बोटं खाली, इंग्रजीत दोन वाक्यं, काच वर.

दोस्तांनो, मी काचेच्या बाहेरनं लिहितोय.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात साइडर आहे. तुटलेला धागा जोडत पाळीभर मशीनच्या मधनं चालायचं, हे काम. शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण विहारातल्या कपाटात आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर. कविता करतो, त्या तुमच्यापैकी काहींनी असल्याच पानांवर वाचल्या असतील. गिरणी गावाबाहेर, पाळीच्या टायमाला एसटी नाही, म्हणून हप्त्यावर एक जुनी स्प्लेंडर घेतली. त्या दिवसापासनं मी सरकारदरबारी 'वाहनचालक' झालो. म्हंजे गाडीवाला विरुद्ध पोलीस ह्या भांडणातला मी पण एक पक्ष. फक्त माझं म्हणणं कुणी विचारलं नाही. म्हणून न विचारता सांगतो.

आधी गाडीवाल्याचं बघू. ट्राफिक पोलिसाला हा तोंडावर मामा म्हणतो, पाठ फिरली की पांडू. १९७५ साली दादा कोंडकेंचा 'पांडू हवलदार' आला आणि त्या सिनेमानं हे नाव घरोघर नेलं. त्या हसण्यात थोडी माया होती. गाडीवाल्यानं माया काढून टाकली, हसणं तेवढं ठेवून घेतलं. हसतो कुणाला? पांडू म्हंजे कोण? खेड्यातनं आलेला, बारावी झालेला, मैदानावर सोळाशे मीटर पळून छाती फुटेस्तोवर नोकरी मिळवलेला पोरगा. कुणब्याचा, धनगराचा, वंजाऱ्याचा, आपला. त्याचं इंग्रजी मोडकं. त्याच्या बोलण्याला शेणामातीचा वास. आयपीएस साहेबाला कुणी पांडू म्हणत नाही. खाकी तीच, कायदा तोच, साहेबाची सही मोठी, मनात आणलं तर साहेबाचं पोट पण मोठं. पण नाव ठेवलं ते सगळ्यात खालच्या पायरीवरच्याला. ह्या देशात नावं ठेवायची रीतच तशी आहे.

मी पोलिसाची वकिली करत नाही. खातात. २०१७ साली मुंबईच्या वाहतूक शाखेतलाच एक हवालदार हायकोर्टात गेला आणि कुठल्या गोष्टीला किती दर चालतो त्याचा कागदच त्यानं आरोप म्हणून कोर्टापुढं ठेवला. बाहेरच्यानं केला असता तर बदनामी म्हणाले असते, हा तर आतला माणूस. पण लायसनच्या खाली घडी घातलेली नोट कोण सरकवतं? पोलिसाच्या आधी गाडीवाल्याचा हात खिशात जातो. 'मामा, मिटवा की इथंच.' पावती फाडायला लागू नये म्हणून तोडपाणी करणारा हाच माणूस घरी जाऊन सोफ्यावर पाय पसरून सांगतो की देश भ्रष्टाचारानं पोखरला.

टेंपोवाला पण देतो. रोज देतो. पण त्याचं देणं आणि ह्याचं देणं एक नाही, हे एकाही लेखात मला वाचायला मिळालं नाही. कारवाला नोट देतो आणि गुन्ह्याची सूट विकत घेतो. टेंपोवाला नोट देतो आणि त्या दिवशीचा धंदा सोडवून घेतो, गुन्हा असो नसो. कोबीचा माल मार्केटात सकाळी सातला पोचला नाही तर कोबीची किंमत निम्मी, हे अडवणाऱ्याला माहीत असतं. एकाला सवलत विकतात, दुसऱ्याकडनं खंडणी घेतात. दोन्हीला नाव एकच ठेवलंय, चिरीमिरी. हे नाव ठेवणाऱ्याला हिशेब येत नसेल असं मला वाटत नाही.

आता पोलिसाची नजर. गिरणीच्या वाटेवर एक चौक लागतो. त्या चौकात मी येता-जाता बघत आलोय. शिट्टी वाजायच्या आधी तराजू चालतो. पहिली बघायची गाडी. केवढी आहे, कुठल्या कंपनीची. मग काच. काळी काच असेल तर हात खिशातच राहतो. खरं तर काचेवर काळी फिल्म लावायला सुप्रीम कोर्टानं २०१२ सालीच बंदी घातली, म्हंजे काळ्या काचेला तर आधी अडवायला पाहिजे. पण आतला माणूस दिसत नाही ना. कोण असेल सांगता येत नाही. जो दिसत नाही तो मोठा. मग पाटी. आकडे वाकवून ८०५५ चं बॉस केलेलं, ४१४१ चं दादा केलेलं, बाजूला आमदाराचं स्टिकर, नाही तर मागच्या काचेवर 'पोलीस', 'प्रेस'. ही पाटी स्वतःच एक गुन्हा आहे. पण ती पाटी म्हंजेच पास. आणि हे काहीच नसलं तर मग कॉलर, मग पाय. बूट आहे का स्लीपर. रंगाचे डाग, ग्रीसचे डाग, कापसाची फूस. एवढं सगळं एका श्वासात मोजून होतं आणि हात वर जातो. स्लीपरवर जातो.

आपल्या पोरांच्या गाडीवर निळं स्टिकर असतं. ते लांबनं दिसतं. अडवणाऱ्यालाही दिसतं.

गेल्या थंडीतली गोष्ट. तिसऱ्या पाळीला निघालो होतो. डोक्याला हेल्मेट, खिशात लायसन, बाकीचे कागद मोबाइलमध्ये सरकारच्याच ॲपात. हात दिसला, थांबलो. गाडी बंद करायच्या आत त्यानं किल्ली काढून घेतली.

'कागद?'

मोबाइल पुढं केला.

'हे नको दाखवू. ओरिजनल.'

मी म्हटलं, साहेब, २०१८ पासनं मोबाइलमधले कागद चालतात. नियम १३९.

'वकील झालास काय रं?'

मग लायसन घेतलं. टॉर्च मारून नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, आडनावावर येऊन थांबला. 'कुठल्या गल्लीतला?'

गल्ली विचारणं म्हंजे काय विचारणं, हे ह्या पानाच्या वाचकाला सांगायची गरज नाही. मी गल्ली सांगितली. तो 'हं' म्हणाला. त्या 'हं'चं चलन कुठल्या मशीनमधनं निघत नाही.

मग नुसतंच उभं केलं. मी उभा. तेवढ्यात एक पांढरी मोठी गाडी उलट्या बाजूनं आली, काचा काळ्या, आतनं हॉर्नचा एक बारका टुक्. साहेबाचा हात कपाळाला गेला. गाडी गेली. कुणाची होती ते त्यालाही माहीत नसणार. सलाम गाडीला होता. बाजूला मशीन घेऊन एक पोरगा उभा होता, नवा भरती झालेला, आपला. विहारात बघितलेला. त्यानं मान खाली घातली आणि मशीनची बटणं उगाच दाबत राहिला. चाळीस मिनिटांनी किल्ली मिळाली. 'जा. परत कायदा शिकवू नको.' पावती नाही, कारण गुन्हाच नाही. गिरणीच्या गेटवर पोचलो तोवर टाइम होऊन गेला होता, टाइमकीपरनं आत घेतलं नाही. खाडा. पाळीचे साडेचारशे गेले. गुन्ह्याला दंड असतो ते ऐकलंय. हा आडनावाचा दंड.

पुढं घरी बसून कायदाच काढला. मोटार वाहन कायदा, १९८८. कलम १३०, वर्दीतल्या पोलिसानं मागितलं तर लायसन दाखवायचं. बरोबर आहे, दाखवू. कलम २०७, लायसन नसेल, नोंदणी नसेल, परमिट नसेल तर गाडी अडकवून ठेवता येते. नियम १३९, जवळ नसलेले कागद पंधरा दिवसांत हजर करता येतात. किल्ली उपसून घेण्याचं कलम नाही. गल्ली विचारण्याचं तर नाहीच नाही. पण देशभर चौकाचौकात रोज हजारो किल्ल्या उपसल्या जातात, आणि त्या कुणाच्या? तुम्ही कधी कुठल्या पोलिसाला मर्सिडिसच्या काचेतनं हात घालून किल्ली काढताना बघितलंय? त्या गाड्यांना तर आता किल्लीच नसते. बटण असतं.

२०२५ साली बीड जिल्ह्यात पोलिसांनी एकमेकांना आडनावानं हाक मारायची नाही असा हुकूम निघाला. पाट्यांवरनं आडनावं काढून नुसती नावं ठेवली. चांगलं केलं. मी टाळी वाजवतो. पण पोलिसाच्या छातीवरचं आडनाव गेलं तरी माझ्या लायसनवरचं शाबूत आहे, आणि टॉर्च त्याच्यावर पडतो. काढायचंच तर वाचणाऱ्याच्या डोळ्यातनं काढायला पाहिजे, आणि तिथं हुकूम चालत नाही.

कुणी म्हणेल, पोरा, तू प्रत्येक गोष्टीत जात आणतोस, हा साधा ट्राफिकचा विषय. मी आणली नाही. रस्त्यावर ती माझ्या आधीपासनं उभी आहे. १९०१ साली मसूर स्टेशनावर भीमराव नावाचं पोरगं भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर उतरलं, बापाला भेटायला गोरेगावला जायचं होतं. पोरं महाराची म्हटल्यावर एकही गाडीवान यायला तयार होईना. दुप्पट भाडं द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार, असा सौदा ठरला. रात्री टोलनाक्यावर पोचली. नाक्यावरच्या माणसाला उर्दूत पाणी मागितलं, मुसलमान समजेल म्हणून. त्यानं ओळखलं. पाणी दिलं नाही. पोरं उपाशी, तहानलेली झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. टोलनाका म्हंजे काय? रस्त्यावर सरकारच्या नावानं उभा असलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवणारा माणूस. त्यानं गाडी बघितली नाही, बैल बघितले नाहीत. पोरं कोण ते ओळखलं.

आणि १९२९ साली चाळीसगावात? बाबासाहेब तोवर बॅरिस्टर झालेले. टांगेवाला म्हणाला, टांगा देतो, पण महाराला बसवून मी हाकणार नाही. मग आपलाच एक माणूस हाकायला बसला, ज्याला टांगा हाकता येत नव्हता. पुलावर टांगा उलथला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. पोलिसाच्या दप्तरात असल्या घटनेला अपघात म्हणतात, कारण लिहितात चालकाचा निष्काळजीपणा. हाकता न येणाऱ्या माणसाच्या हातात लगाम कुणी दिला, हा रकाना त्या फॉर्मात नाही. चाळीसगावला कुणी घोड्याला दोष दिला नसेल एवढंच.

तर रस्ता कधीच सगळ्यांचा नव्हता. वरनं खाली येणाऱ्या पायऱ्या आहेत. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. वरच्याला मान, खालच्याला तिरस्कार, आणि मधल्या प्रत्येकाला खाली लाथ मारायला एक पायरी राखून ठेवलेली, म्हणून तो वरची लाथ मुकाट्यानं खातो. चौकातला शिपाई ह्या जिन्यात मध्येच अडकलाय. त्याची लाथ मी खाल्ली ते सांगितलं. आता तो कुणाची खातो ते सांगतो. नाही सांगितलं तर मी आणि तो पेपरवाला सारखेच.

२३ ऑगस्ट २०१६. मुंबईत खारला विलास शिंदे नावाच्या ट्राफिक पोलिसानं एका अल्पवयीन पोराला अडवलं. पोराकडं लायसन नाही. पोरानं फोन करून भावाला बोलावलं. भावानं येऊन शिंदेंच्या डोक्यात लाकडी दांडकं घातलं. ३१ ऑगस्टला शिंदे गेले. कायद्यात सांगितलंय तेवढंच त्यांनी केलं होतं. २०२० च्या ऑक्टोबरात काळबादेवीला, कॉटन एक्स्चेंजच्या नाक्यावर, हेल्मेटवरनं अडवलं म्हणून एका बाईनं हवालदाराची कॉलर धरून भररस्त्यात मारलं. बघे मोबाइल धरून उभे. हवालदारानं हात उचलला नाही. वरिष्ठांनी पुढं त्याचा सत्कार केला. मार खाऊन गप बसल्याबद्दल सत्कार! आमच्या आज्या-पणज्यांचे असे किती सत्कार व्हायचे राहिलेत. २०२३ च्या एप्रिलात नवी मुंबईत एका कारवाल्यानं पोलिसाला बॉनेटवर घेऊन कित्येक किलोमीटर गाडी पळवली. बॉनेटवर माणूस आहे आणि हा गिअर बदलतोय. म्हंजे त्याच्या लेखी बॉनेटवर माणूस नव्हताच.

पण माझ्या डोक्यात खिळ्यासारखी बसलीय ती पुण्याची गोष्ट. १९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर. सतरा वर्षांच्या पोरानं पोर्शे गाडीनं दुचाकीवरच्या दोघा तरुण इंजिनीयरांना उडवलं. एक मुलगा, एक मुलगी, दोघं जागच्या जागी संपले. गाडीला पक्का नंबर नव्हता, नोंदणीची १,७५८ रुपये फी भरायची राहिली होती. करोडोची गाडी आणि १,७५८ रुपये. माझ्या स्प्लेंडरची पाटी वाकडी असली तरी मला अडवतात. ही बिननंबरची गाडी रस्त्यावर आली तेव्हा वाटेत किती चौक होते, किती हात वर झाले?

बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला. अट काय? तीनशे शब्दांचा निबंध लिही, आणि पंधरा दिवस ट्राफिक पोलिसांबरोबर काम कर. निबंधावर सगळा देश बोलला. पेपर, टीव्ही, विनोद करणारे, सगळे निबंधावर तुटून पडले. दुसऱ्या अटीवर कुणी शब्द काढला नाही. पंधरा दिवस ट्राफिक पोलिसांबरोबर काम, ही शिक्षा! अरे, जे काम एक माणूस तीस वर्षं करतो, उन्हात, धुरात, पायाच्या शिरा फुगेस्तोवर, पोरांच्या फीसाठी करतो, ते काम दोन जीव घेतलेल्या श्रीमंताच्या पोराला पंधरा दिवसांची शिक्षा म्हणून द्यायचं? खाणाऱ्याला ताट, वाढणाऱ्याला शिक्षा. मैला उचलणं ज्यांच्या आजोबाचं काम होतं त्यांना हे नवीन नाही. काही कामं ह्या देशात मुळातच शिक्षा असतात, जन्मतः ठोठावलेली. पुढं बोभाटा झाला, मंडळानं आदेश फिरवला, पोराला निरीक्षणगृहात पाठवलं, जूनमध्ये हायकोर्टानं सोडलं. ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरनं डॉक्टर पकडले गेले. काच जितकी काळी, तितकं आतलं रक्तसुद्धा कुणाचं ते कळत नाही.

शिपायानं खरं बोलायचं ठरवलं तर काय होतं, तेही बघून ठेवा. सप्टेंबर २००२, वांद्रे. एका बड्या नटाची गाडी फुटपाथवर झोपलेल्या कामगारांवर चढली. एक मेला, चौघं जखमी. नटाच्या रक्षणाला दिलेला पोलीस शिपाई रवींद्र पाटील गाडीत होता. त्यानंच फिर्याद दिली. त्याचं काय झालं? नोकरी गेली. साक्षीला हजर राहिला नाही म्हणून त्यालाच वॉरंट काढून जेलात टाकलं. २००७ साली शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात मेला. २०१५ साली सेशन्स कोर्टानं नटाला पाच वर्षांची शिक्षा दिली, त्याच वर्षी हायकोर्टानं निर्दोष सोडलं, आणि मेलेल्या पाटलाची साक्ष पुरती भरवशाची नाही असं ठरवलं. कोर्टाचा निकाल कोर्टापाशी. मी फक्त शिवडीचं हॉस्पिटल बघतो. गिरणगावातली कितीतरी माणसं त्याच हॉस्पिटलच्या खाटांवर खोकत गेली. आमच्या छातीत कापसाची फूस, शिपायाच्या छातीत डिझेलचा धूर. खाट एकच.

आणि एकदा ही दोघं एकाच बाजूला उभी राहिली होती. हे नव्या पोरांना कुणी सांगत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षी १८ ऑगस्टला मुंबईचे पोलीस शिपाई रस्त्यावर उतरले, त्यांच्या संघटनेचे पुढारी पकडले म्हणून. संपातले गिरणी कामगार त्यांच्यात मिसळले. सरकारची चड्डी ओली झाली, लष्कर बोलावलं. संघटना मोडली, शिपायांना बडतर्फ केलं. पोलिसाच्या युनियनला जखडणारा कायदा तर १९६६ पासनंच होता. तेव्हापासनं शिपायाला तोंड नाही. पाळी किती तासांची, धुरात मास्क कोण देणार, साहेबाच्या घरची भाजी कुणी आणायची, ह्यातलं काहीही तो बोलू शकत नाही. वर बोलता येत नाही, मग तो खाली ओरडतो. माझ्यावर. मला हे कळतं. कळतं म्हणून माझे साडेचारशे परत येत नाहीत.

आता दंडाचं. २०१९ ला कायदा बदलला, महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासनं सुरू झाले. लायसन नसेल तर ५०० चे ५,००० झाले. हेल्मेट नसेल तर ५००. दंड असावा. डोकं फुटल्यावर गरिबाचं डोकं पण फुटतंच, हेल्मेटला मी नाव ठेवणार नाही. पण ५०० रुपये म्हंजे माझी एक पाळी आणि वर पन्नास. कारवाल्याचा तो एका कॉफीचा खर्च. एकच आकडा दोघांना लावायचा आणि म्हणायचं कायद्यापुढं सगळे समान! फिनलंड नावाचा देश आहे, तिथं वेगानं गाडी चालवली तर दंड माणसाच्या कमाईवर बसतो. २०२३ साली तिथल्या एका उद्योगपतीला पन्नासच्या रस्त्यावर ब्याऐंशीच्या वेगानं गेला म्हणून १,२१,००० युरो भरावे लागले. आपले पेपरवाले परदेशातली लेन सांगतात, परदेशातला हा दंड का सांगत नाहीत? सांगा की. गाडीच्या किमतीवर दंड लावा. एक टक्का लावा. माझ्या स्प्लेंडरचे दीडशे-दोनशे मी हसत भरतो. आणि मग बघू चौकात कुणाची काच खाली होते.

इथं कॅमेरावाले उठतील. म्हणतील, आता मशीन आलं, कॅमेरा आला, कॅमेऱ्याला जात कळत नाही. बरोबर, नंबर दिसला की फोटो निघतो. पण ज्याला नंबरच नाही, ज्याचे आकडे वाकवलेत, त्याचा? आणि चलन निघाल्यावर पुढं काय? शेकडो कोटींची चलनं न भरता पडून आहेत. गाडीवाल्याला माहीत असतं, लोकअदालतीत मिटवता येतं. आमच्यातला टेंपोवाला मात्र चौकात अडवला की जुनी सगळी भरल्याशिवाय हलत नाही. मशीन निःपक्षपाती आहे. मशीन कुणावर रोखायचं ते माणूस ठरवतो.

ह्या सगळ्यात जो चाकावर नाहीच, त्याला दोघं मिळून विसरलेत. सरकारचाच आकडा आहे, २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. त्यांनी कुणाला लाच दिली नाही, कुणाला पांडू म्हटलं नाही, सिग्नल तोडला नाही. पहिल्या पाळीच्या बाया पहाटे अंधारात डबा घेऊन हायवे ओलांडतात. तिथं झेब्रा नाही, दिवा नाही, शिपाई नाही. शिपाई कुठं असतो? जिथं पावती फाडता येते तिथं. पायी चालणाऱ्याची पावती फाटत नाही, म्हणून त्याच्यासाठी उभं राहायला कुणाला ड्यूटी नाही.

आणि शेवटचं त्या मशीनवाल्या पोराला. भावा, पोलीस खात्यात आपल्या माणसाला घ्या, ही मागणी सुद्धा बाबासाहेबांना करावी लागली होती. तू त्या मागणीतनं आलास. त्या रात्री तू काही बोलला नाहीस, तुझी नोकरी नवी, घरी बहिणीचं लग्न असेल, मला ठाऊक आहे. राग आला होता, अजून आहे. पण साहेबासमोर बोल असं मी सांगत नाही. तू एकटा असशील तेव्हाचं सांगतो. रात्री अकरा वाजता चौकात तू एकटा असशील, समोरनं स्लीपर घातलेला एक पोरगा येईल आणि मागनं एक काळी काच. तेव्हा तुझा हात कुठं जातो, ते मी गिरणीकडं जाताना बघणार आहे. आणि काळ्या काचेवर गेला, आणि आतनं उतरून कुणी तुझी कॉलर धरली, तर मोबाइल काढून उभा राहणाऱ्यांत मी नसेन.

बाकी वाचकांसाठी. कलम १३०, कलम २०७ आणि नियम १३९, तिन्ही मराठीत उतरवून काढलेत. वकिलाच्या भाषेत नाही, आपल्या. टेंपोवाल्यांना, रिक्षावाल्यांना, भंगार गोळा करणाऱ्या तीनचाकीवाल्यांना वाटायचेत. गाडीच्या कागदांच्या पिशवीत मावेल एवढाच कागद आहे. ज्याला पाहिजे त्यानं रविवारी दहाच्या आत विहारात यावं, अकराला माझी झोपायची वेळ होते, रात्रपाळी आहे. झेरॉक्सचे दोन रुपये आणावेत. नसतील तर तसंच यावं.